गठ्ठ्यातली सर्वांत चांगली साडी

प्रिय कुसुमताई,

तुमचा संख्याशास्त्राचा वर्ग आता माझ्याकडे आला आहे. काल त्या वर्गाने मला बाकावर बसवलं. हे तुमच्याखेरीज कुणाला सांगावं, ते कळेना. म्हणून लिहितो आहे.

तुमची पद्धत मला ठाऊक होती. सुरतेतल्या प्लेगनंतर आपलं कॉलेज उघडलं, गावी गेलेली मुलं परतली, तेव्हा तुम्ही ती सुरू केलीत. तासाच्या शेवटी एका विद्यार्थ्याने फळ्याशी येऊन तोच धडा शिकवायचा, तुम्ही बाकावर बसून ऐकायचं आणि त्यावरून पुढचा तास ठरवायचा. स्टाफरूममध्ये मी याला तुमची विश्रांती म्हणत असे. तुम्ही हसायचात. एकदा तरी रागावायचं होतंत, ताई!

काल मी ‘नमुना’ शिकवला. व्याख्या, निवडीच्या रीती, उदाहरणं, सारं पायरीपायरीने, मनापासून. समजलं का, असं विचारलं. सगळे हो म्हणाले. मी खडू ठेवला, तर भेस्तानची सुनंदा उठून म्हणाली, “सर, आता तुम्ही बसा. कुसुमबेन बसायच्या.”

तिचे वडील पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या दुकानात कामाला आहेत. अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत तिने समजावलं: नमुना म्हणजे गठ्ठ्यातली सर्वांत चांगली साडी. ती वर ठेवायची. ती पाहूनच बाहेरगावचा व्यापारी माल घेतो. वर्गाने माना डोलावल्या. बाजारात नमुन्याचा अर्थ तोच तर आहे! आणि मी तासभर नेमकं उलट सांगत होतो, की चांगलं-वाईट न पाहता, प्रत्येकाला सारखी संधी देऊन निवडतात तो नमुना. माझ्या विद्यार्थ्यांनी घरोघरी केलेल्या पाहण्यांत सुरतेतला प्रत्येक कारागीर समाधानी का निघायचा, ते मला त्या बाकावर कळलं. मुलं चांगली चांगली घरं निवडत होती आणि मी गुण देत होतो.

त्याहून अधिक लाज पुढच्या विचाराने वाटली. अभ्यासक्रम कसा वाटला, हे मीही विचारत असे, पण कोणाला? पहिल्या बाकावरच्या दोघा हुशारांना. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने इतकी वर्षं वरचीच साडी पाहावी?

अभ्यास मंडळाची ती बैठक तुम्ही विसरला नसाल. मुलांचा अभिप्राय सत्राच्या मध्येच घ्यावा, म्हणजे सांगणाऱ्यांनाच त्याचा उपयोग होईल आणि अभ्यासक्रम त्याप्रमाणे बदलता येईल, असा प्रस्ताव तुम्ही मांडला होतात. मी उठून विचारलं, “रोग्याला विचारून औषध ठरवतात का?”

सगळे हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “औषध नाही. पण कुठे दुखतं, ते त्यालाच विचारतात ना?”

प्रस्ताव पडला, माझ्या एका विनोदाने पडला. पुढे तुम्ही तो विषय काढला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पटलं. तुम्हालाही कधी विचारलं नाही मी.

सोमवारी मंडळ पुन्हा बसत आहे. तुमचा प्रस्ताव मी तुमच्याच नावाने मांडेन आणि माझी हरकत कुठे चुकली, ते त्याच लोकांसमोर सांगेन. मान खाली घालून बोलावं लागेल; बोलेन. मंडळाने नकार दिला तरी माझ्या वर्गात सत्र अर्ध्यावर येताच प्रत्येकाचं म्हणणं ऐकेन आणि उरलेलं सत्र त्याप्रमाणे बदलेन. हे वचन तुमच्या हयातीत द्यायला हवं होतं.

तुमच्याकडून फार उशिरा शिकलेला,
अरविंद