कुमारी चंद्रकला

वैशाखरे,
श्रावण, १९९८

प्रिय रुपाली,

बारकी कासारीण काल आली, बांगड्यांच्या टोपलीच्या तळाशी तू पाठवलेलं पुस्तक घेऊन. सासूबाई ओटीवरच बसलेल्या. बांगड्या भरून घेता घेता मी ते पदराखाली ओढलं. हात सोलवटला, पण आपल्या लाडक्या गायिकेच्या, चंद्रकलाबाईंच्या चरित्रासाठी तेवढं चालायचंच. कणगीच्या आडोशाला बसून वाचून काढलं आणि आता भांडायला बसले आहे, तेव्हा पदर खोच.

तुझं म्हणणं, बाईंच्या दोन चरित्रकारांत हे पुस्तक लिहिणारा पुतण्या खरा, कारण तो घरातला. मला तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असं वाटतं. प्राध्यापक महाशय लिहितात, बाईंनी संसारासाठी आनंदाने गाणं सोडलं. पुतण्या लिहितो, गळाच बसला. बाईंना विचारलं कुणी? पण पुतण्या नकळत एक खरं सांगून गेला आहे. स्वतःचं गाणं लागलं की काकू रेडिओ बारीक करायची, इतकी ती विनयशील! विनय कसला डोंबलाचा? घरच्यांच्या कानाला टोचू नये म्हणून बारीक करायची. बंद मात्र करत नव्हती. हे तुला नाही कळायचं बाई, तू शहापूरच्या अंगणवाडीत पोरांबरोबर मोकळ्या गळ्याने गातेस.

आपण गावाहून कार्डावर रेडिओला पाठवायचो त्या फर्माइशी आठवतात? निवेदिकेने आपल्या डोळखांबचं ‘ढोलखांब’ केलं आणि धर्मामामा वर्षभर आपल्याला ‘ए ढोल, ए खांब’ म्हणून हाक मारायचा. तेव्हा बाईंचं पाणवठ्याचं गाणं दर बुधवारी लागायचं. आता महिने लोटतात. कार्डंच गेली नाहीत तर लावणार कोण? लागलं तरी एक गंमत असते बघ. बाईंचं लग्न झालं, नाव बदललं, नातवंडं झाली, आणि रेडिओवर अजून ‘कुमारी चंद्रकला’च. रेडिओवाल्यांनी ते लग्न मानलंच नाही.

माझंही नाव इथे बदललं. ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीने ‘अनिता’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “मैना पाखराचा नाव, सुनेला शोभत नाय.” पुढे विहिरीवर मी ते पाणवठ्याचं गाणं गुणगुणले आणि कुणीतरी घरी येऊन सांगितलं. “आमच्यात सुना गात नाय गो.” त्या दिवसापासून पाणी नणंद आणते आणि मी उंबऱ्याच्या आत. हे कामावर जाताना आईला बजावून जातात. दादा आला होता. त्याला सगळं सांगितलं, तर “दिल्या घरी सुखी रहा” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तुझं मागचं पत्र दिराने फोडून सगळ्यांसमोर हसत हसत वाचलं. मला इथे कोंडल्यासारखं होतं, रुपाली. गाणं तर राहोच, मोठ्याने शिंकायचीही भीती वाटते.

चरित्राचं भांडण हे निमित्त. मला विचारायचं आहे ते एवढंच, की तुझ्या खोलीत माझ्यासाठी जागा आहे का? चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही, कायमची. उत्तर पत्राने देऊ नकोस. जागा असेल तर पाणवठ्याच्या गाण्याची फर्माइश पाठव, डोळखांबहून मैना, एवढंच नाव घाल. तुझं घालू नकोस, ते दिराला ठाऊक आहे. पत्रात तूही मला ‘अनिता’च लिहितेस, तेव्हा मैना म्हणजे मी, हे इथे कुणाच्या ध्यानातही उरलेलं नाही. सासूबाईंना दुपारी रेडिओ लागल्याशिवाय डुलकी येत नाही, म्हणून तेवढा चालू असतो. माझं नाव ऐकलं की त्यानंतरच्या मुरबाडच्या बाजाराला सासूबाई बाहेर पडतील आणि त्यांच्या मागून मी, बारकीबरोबर. तोवर दर बुधवारी मी कान देऊन बसेन. रेडिओ बारीक ठेवीन, पण बंद होऊ देणार नाही.

तुझीच,
मैना