एक चांदणी राहिली

३ नोव्हेंबर
आज वृद्धाश्रमातल्या परिचारिकेवर ओरडले. एवढीशी आहे, सगळे तिला चिमणीच म्हणतात. डॉक्टरांनी परवा आईची झोपेची गोळी अर्धी करायला सांगितली होती. आई मात्र अजून गुंगीतच! "ताई, मी बदल केला हो. स्क्रीनवर दिसलासुद्धा," ती म्हणत राहिली. मी म्हटलं, "स्क्रीनला नावं ठेवू नकोस. ते सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं आहे!" तक्रार दिली. मेट्रन आता स्वतःच्या हातानं अर्धी गोळी देणार आहेत.

४ नोव्हेंबर
चिमणीला कामावरून थांबवलं. "दिसलासुद्धा" — डोक्यातून जात नाही.

५ नोव्हेंबर
सापडलं. कोड माझाच!

डोस बदलणाऱ्या मेथडचा, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याचा, रिसीव्हर मी व्हॅल्यू ठेवला. पॉइंटर हवा होता. म्हणजे मेथडच्या हाती मूळ नोंद येतच नाही, येते तिची प्रत. चिमणीनं गोळी अर्धी केली ती प्रतीवर. स्क्रीननं प्रतच दाखवली. काम संपलं, प्रत नाहीशी. मूळ नोंद जशीच्या तशी — आणि रात्रपाळीची औषधांची यादी निघते ती मुळावरून.

टाइपाच्या नावाआधी एक चांदणी, ही एवढीशी *, टाकायची राहिली, बस्स. आज टाकली. बाकीच्यांच्या नोंदी तपासल्या. नवी आवृत्ती आल्यापासून डोस फक्त आईचाच बदलला होता, नशीब! ऑफिसात शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय दुरुस्त केलंत, मॅडम?"
"किरकोळ."
किरकोळ!

६ नोव्हेंबर
मेट्रनना फोन लावला. उचलायच्या आत ठेवला. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. 'म्हातारीला आता झेपत नाही' — हे ऐकून जायचं?

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी "कुणी केलं हे?" विचारलं की मी चटकन उभी राहायचे. चूक माझी नसली तरी! खरं बोलणारीला त्या सोनेरी काठाचं चित्र द्यायच्या. चित्रं अजून जपून ठेवलीत मी. उभं राहणं तेवढं सुटलं.

८ नोव्हेंबर
आई जागी! चहा मागितला. मी तिचे केस विंचरत बसले होते. हळूच म्हणाली, "चिमणीवर ओरडलीस ना? ऐकत होते मी. माझ्या उशाशी बसून त्या स्क्रीनवर केली गं तिनं गोळी अर्धी. सांगणार होते तुला, जीभच उचलेना... मग चुकलं कोण?"

मेट्रन दारातच होत्या.

मी फणी ठेवली. उभी राहिले.
"मी, आई."