अकरा नंबर

शनिवार, १ नोव्हेंबर

...दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा शेगडीकडे, दुसरा ह्यांच्या शर्टाच्या बटणाकडे. केर काढून झाला होता, पाणी भरून झालं होतं. हे म्हणाले, "राहू दे, उशीर होतोय. संध्याकाळी लाव." ती संध्याकाळ आलीच नाही. चार वर्षं झाली. आज शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसताना ती सकाळ का आठवली कोण जाणे. ह्यांचाच एप्रन अंगावर होता म्हणून असेल.

ह्यांच्या जागी मला घेतलं तेव्हा जेमतेम सही येत होती. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत वाचायला शिकले. चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, ही ह्यांची शिकवण. आता पुस्तकंही तशीच वाचते.

आज नवीन मॅडम आल्या. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना विज्ञान शिकवणार म्हणे — क्रीम, पावडर, लिपस्टिक बनवून! ज्या मुली विज्ञानाकडे फिरकत नाहीत, खास त्यांच्यासाठी. मॅडमची नखं लालभडक. प्रयोगशाळेत!

आणि पहिल्या बाकावर माझी लेक. हीच दोन महिन्यांपूर्वी म्हणाली होती, "आई, विज्ञान आपल्यासारख्यांचं नसतं गं." पुढे कोणती शाखा घ्यायची त्याचा फॉर्म सतरा तारखेला द्यायचाय. तिने विज्ञान घ्यावं ही ह्यांची इच्छा होती. माझीही आहे. पण लिपस्टिकच्या वाटेने? फुकट कोण कुणाला काय देतं! काहीतरी विकायला आलीय ही बाई.

रविवार, २ नोव्हेंबर

वन्सं येऊन गेल्या. क्रीमच्या वर्गाचं ऐकून डोळे मिचकावत म्हणाल्या, "विज्ञानाने पोरगी गोरी होणार असेल तर शिकू दे बाई! पुढे आपलीच कटकट वाचेल." लेक हसली. मला ते बघवेना, कप उचलून आत गेले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मला आत थांबायचं नव्हतं, म्हणून दाराच्या काचेतून पाहिलं. मॅडम एकेका मुलीला खिडकीच्या उजेडात उभी करत होत्या. गालापाशी रंगीत पट्टी धरायची, डोळे बारीक करून बघायचं, कागदावर नंबर लिहायचा. माझी लेकही उभी राहिली. हनुवटी वर करून!

सगळ्या गेल्यावर तो कागद टेबलावरच होता. नावं आणि नंबर. माझ्या लेकीपुढे — अकरा.

आमच्या कपाटात एक नंबरचा माल सगळ्यात शुद्ध, वरच्या फळीवर. नंबर वाढला की माल उतरला. अकरा-बारा म्हणजे मोरी धुवायचा. मी कागद होता तसा ठेवला.

घरी विचारलं, "त्या मॅडम तुमच्या गालाला काय लावतात?"

"झालं की दाखवते. आत्ता विचारू नको ना."

का विचारू नको? शेजारणीच्या भाचीचे गाल असल्याच क्रीमने सोलून निघाले होते. तीही आधी काही बोलली नव्हती.

सोमवार, १० नोव्हेंबर

पत्र लिहिलं. "बाहेरच्या बाई मुलींना रंगावरून नंबर लावतात आणि त्यांच्या कातडीवर प्रयोग करतात." अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एकेक अक्षर सुटं काढलं. खाली नाव नाही. मधल्या सुट्टीत तक्रारपेटीत टाकलं.

आई आहे मी. दुसरं काय करणार होते?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मोठ्या बाई दोनदा प्रयोगशाळेत डोकावून गेल्या. मी फडकं फिरवत राहिले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वर्ग बंद! चौकशी होईपर्यंत मॅडमना शाळेत यायला मनाई. शिपाई सूचना लावता लावता म्हणाला, "कुणीतरी मस्त काडी टाकलीय बघा."

मला बरं वाटायला हवं होतं.

लेकीने घरी येऊन दप्तर आपटलं. "निनावी पत्र, आई! नाव लिहायची हिंमत नाही आणि चाललेत आमचं भलं करायला. आत्याच असणार. दुसऱ्या कुणाला एवढं जळतं?" मी भांडी लावत होते, लावत राहिले. शाखेचा कोरा फॉर्म तिने माझ्यापुढे टाकला. "मी विज्ञान लिहिणार नाही. तू म्हणशील तिथे जाते. शिवण शिकते."

वन्संचा काही दोष नाही, एवढंही मला बोलवलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी लेक येऊन शेजारी बसली. हातात झाकणाची छोटी डबी. "हात दे," म्हणाली. माझ्या हाताच्या पाठीवर तिने एक ठिपका लावला. गडद, तपकिरी. मग तसाच स्वतःच्या मनगटावर लावून बोटाने पसरला.

"शोध आता! कुठे गेला सांग!"

तिच्या मनगटावर खरंच दिसेना. चष्मा लावला, उजेडात नेलं. कातडीत कातडी मिसळली होती.

"त्वचेच्या रंगाच्या क्रीमच्या डब्या बाजारात सहा नंबरला संपतात, आई. सातपासून पुढे कुणी बनवतच नाही. आम्ही सहाजणी म्हणजे सात ते बारा. मी अकरा." मग तिची गाडी सुटली! लोखंडाचा गंज तीन रंगांचा असतो — लाल, पिवळा, काळा. पांढरा जास्त पडला की तोंड राखेने माखल्यासारखं दिसतं. मी घरी निघाले की या रोज प्रयोगशाळेत थांबायच्या; सोळा वेळा चुकलं. सतराव्यांदा चिमूटभर निळा घातला आणि जमलं. निळा कसा सुचला, तर म्हणे प्रत्येक चूक वजनासकट वहीत लिहिली होती. ज्या काट्यावरची धूळ मी रोज पुसते, त्याच काट्यावर!

"आणि मॅडम?" संशय अजून जात नव्हता. "त्यांचा काय फायदा यात?"

"त्या स्वतः नऊ आहेत. असल्याच क्रीमच्या कारखान्यात होत्या. पुढचे नंबर काढा म्हणून मागे लागल्या, कुणी ऐकलं नाही. यादीत शेवटचं नाव त्यांचंच आहे."

यादी मी लेकीच्या नावापाशीच सोडली होती. मी! प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचणारी.

ती उठून गेल्यावर हाताकडे बघत बसले. लेक ह्यांच्यावर गेलीय. माझ्या हाताच्या पाठीवर ह्यांचा रंग होता. चार वर्षांनी.

भांडी एका हाताने घासली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल सकाळी आधी लेकीला सांगितलं. तिने कोरा फॉर्म उचलून दप्तरात ठेवला आणि एकटीच शाळेला निघाली. मग मोठ्या बाईंकडे गेले, यादी मी अर्धीच वाचली होती असं सांगितलं, ते पत्र मागून घेतलं आणि खाली माझी सही केली.