पाण्याभोवतीचा दोर

पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. पौर्णिमाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं-हं करते म्हणून रागावलीस ना, मग हे घे पत्र. बातमी अशी की यंदाची राष्ट्रीय शर्यत आपल्याकडे आहे! ठाकरवाडीखालच्या बंधाऱ्यात पोहायचं, तिथूनच सायकल घेऊन डोंगर चढायचा-उतरायचा आणि शेवटी त्याच रानात धावायचं. पहिली येईल ती आशियाई स्पर्धेला जाणार. नुसत्या डोंगरी सायकलीत मी दोनदा देशात पहिली आले, पण या तिहेरी प्रकारात देशाबाहेर कधी गेले नाही. गुडघे आता कुरकुरायला लागलेत. पुढची संधी मिळेलच असं नाही.

बाकी सगळं किळसवाणं आहे. शर्यत भरवणाऱ्या रिसॉर्टवाल्यांनी आपल्या चौक गावच्या नाक्यावर माझा फलक लावलाय. दादाने फोटो पाठवला. मला पावडर फासल्यासारखं गोरं केलंय आणि खाली शुभेच्छुकांची थोबाडं. त्यातल्या एकालाही सायकलवर धड बसता येणार नाही.

तू मात्र ये. तुझ्याच लेडीज सायकलवरून मी वाडीच्या उतारावर पहिल्यांदा तोंडावर आपटले होते, तेव्हा मान तुझा.

उत्तर लवकर लिही, आणि आहे तो लोभ थोडा वाढव.

तुझी,
मेघा

चौक,
९ फेब्रुवारी

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. तुझं अक्षर पाहून, मी जन्मभर शाळेत शिकवलं हे कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते.

मोठ्या कौतुकाने बंधारा बघायला गेले आणि घाण वाटून परत आले. पाण्याभोवती दोर बांधलाय. काठावर हिरवा गालिचा अंथरलाय आणि दोराशी काठीवाला रखवालदार. वाडीची विहीर संक्रांतीनंतर आटते, हे तुला माहीत आहे. मग पावसापर्यंत त्या ठाकर बायका याच बंधाऱ्याचं पाणी पितात. आता शर्यत होईपर्यंत हंडा घेऊन कुणी फिरकायचं नाही, म्हणे फोटोत वाईट दिसतं! मोतीबाई, लहानपणी तुझे फुटलेले गुडघे धुणारी, रिकाम्या हंड्याने माघारी फिरली. मला म्हणाली की, आमी हात लावला तर पानी बाटतं काय गं बाई. रखवालदाराला विचारलं तर म्हणे टँकर येनार हाय. आलाही. त्याच्या पाण्याला डिझेलचा वास येत होता.

माझे आजोबा महाडला चालत गेले होते, तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी. त्यांची पणती दोराच्या आत पोहणार आणि बाहेर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या राहणार. शिसारी येते मला. मी येणार नाही. तू मात्र त्यांना दोर सोडायला सांग. फलकावर तोंड तुझं आहे, तुझं ऐकतील.

जेवत जा. माझ्यावर चिडलीस तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

पुणे,
१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग आयोजकांना फोन केला. तिथल्या बाई साखरेत घोळून बोलल्या, की हा सुरक्षेचा नियम आहे, थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे, आणि खेळाडूने खेळाकडे लक्ष द्यावं. मी थँक यू म्हणून फोन ठेवला आणि सरावाला गेले.

आत्ता तोंड उघडलं तर उद्या काहीतरी खुसपट काढून माझं नाव उडवतील. एकदा निवड होऊ दे. मग माझ्या बोलण्याला वजन येईल, तेव्हा बोलेन. तू समजून घेशील.

लोभात कपात नको.

तुझी,
मेघा

चौक,
१८ फेब्रुवारी

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

पहिली आलीस. अभिनंदन. तुझा दादा नाचतोय.

येणार नाही म्हटलं, तरी आले होते. मोतीबाईचा एक हंडा डोक्यावर घेऊन तिच्या शेजारी दोराशी उभी होते. रखवालदार काठी आडवी धरून आम्हाला मागे रेटत होता. तुम्ही पाण्यातून निघालात तेव्हा अंगाच्या मलमांचा तवंग तरंगत होता, तुम्ही ताकदीसाठी चोखता त्या चिकट पाकाच्या फाटक्या पुड्या काठाला लागल्या होत्या, आणि एकीने तर तिथेच नाक शिंकरलं. संध्याकाळी दोर सोडला तेव्हा बायकांनी तेच पाणी पदराने गाळून भरलं. मला उलटी झाली.

तू सायकल घेऊन माझ्या हाताच्या अंतरावरून गेलीस. मी हाक मारली. पण पदर खोचलेली, डोक्यावर हंडा घेतलेली बाई घोळक्यात कोण ओळखणार? शर्यतीत मान वळवता येत नाही हेही मला कळतं. त्याचा राग नाही.

गाव सत्कार करायचं म्हणतंय. तुला कधी जमेल?

निवड झाली आहे, तेव्हा आता बोल. लोभ आहेच.

तुझी,
आत्या

पुणे,
२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सत्कार नको. त्या फलकाखाली उभी राहून शाल घेण्याइतकी निर्लज्ज मी अजून झाले नाही. दोर, काठी, टँकर, तवंग, सगळं आमच्या खेळाच्या संघटनेला लिहून पाठवलंय आणि वर्तमानपत्रालाही. नाव कापणार असतील तर कापू देत.

पण तू माझी बाजू घेतलीस, ते गळ्याखाली उतरत नाही. मोतीबाईला मी लांबूनच पाहिलं होतं. आणि आत्या, तुलाही ओळखलं होतं. हाकही ऐकली. मागची मुलगी अगदी जवळ आली होती, म्हणून मी खाली पेडलकडे बघितलं.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपली रीत आहे. या वेळी मागवत नाही. ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मेघा