बुधवारी वर्ध्याला

आंजी (मोठी)
२९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. विमलाबाईस,
धाकट्या भावाचा, कैलासचा शि. सा. न. वि. वि.

परवा बुधवारी सकाळी मी हॉटेलची भट्टी पेटवली, आलू उकडायला ठेवले, आणि बेसन कालवता कालवता हात धुऊन भट्टी विझवून टाकली. शटर ओढलं आणि आर्वीकडून आलेल्या एसटीत चढलो. थांब्यावरच्या लोकांना वाटलं, याच्याकडे कोणी तरी वारलं. घरून जयाचा फोन आला की न सांगता कुठे निघालात. मी सांगितलं, वर्ध्याला केक खायला. तिने फोन ठेवून दिला.

बाई, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाला मशीन लावलं की शिट्टी वाजते, म्हणून सगळं लिहूनच कळवतो. तू आणलेल्या अल्लीपूरच्या स्थळाबद्दल मी रक्षाला विचारलं होतं. तुला माहीतच आहे, ती वर्ध्याला आर्वी नाक्याजवळच्या एका कॅफेत केक करते. आता तिला आणि तिच्या मैत्रिणीला, अंकिताला, सेवाग्राम रोडवर स्वतःची छोटी जागा घ्यायची आहे. मुलाच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी, तर स्पष्ट सांगितलं आहे की सून दुकानात बसणार नाही. रक्षा मला म्हणाली की बाबा, तुम्ही अशा जागा एकदा आत बसून पाहा, खाऊन पाहा, मग तुम्ही सांगाल ते मी करीन. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. तुम्ही सांगाल ते, या शब्दांनी माझी झोप गेली आहे.

म्हणून परवा वर्ध्यात उतरल्यावर दिसलेल्या पहिल्याच कॅफेत शिरलो. खुर्ची इतकी खोल की बसलो तो बसलोच. पोराने कार्ड दिलं, त्यातलं मला चहाशिवाय काही समजलं नाही, आणि तोच संपला होता. शेवटी वॉफल मागवलं. अंडं नाही ना, हे दोनदा विचारलं. जाळीदार पोळी असते, वर चॉकलेट ओतलेलं. सवयीने मी बशीभोवती पाणी फिरवलं आणि चार कण काढून टेबलावर ठेवले. पोरगा धावत आला आणि विचारायला लागला की काका, त्यात केस निघाला का. देवाचा घास आहे म्हणालो, तर बिचारा फडकं हातात धरून उभाच राहिला. पुसावं की नाही, हे त्याला कळेना.

चव वाईट नव्हती. पण माझं लक्ष खाण्यात नव्हतं. आपल्याकडे माणूस आलूबोंडा खातो, तर्री पितो आणि बस धरतो. इथे कोणी उठतच नाही. माझ्या लेकीने आयुष्यभर अशा न उठणाऱ्या लोकांसमोर उभं राहायचं का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ओमप्रकाश भाऊजींना नमस्कार. माझं वेडेपण पोटात घालावं.

तुझा,
कैलास

•

पुलगाव
४ डिसेंबर

चि. कैलास यास,
विमलाबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मले अर्धंच ऐकू आलं, मंग मीच चष्मा लावून वाचलं. वाचून आधी हसली आणि मंग रागावली. आबांची भट्टी एकदा पेटली का सांजच्यालेच विझे. तू ती दिवसाढवळ्या विझवून पोळीवर चॉकलेट खाऊन राह्यला. गळ्यात माळ हाये, पन्नाशी आली, आणि कॉलेजच्या पोरांत जाऊन बसते. जया कशी सहन करते देव जाणे.

रजत पोरगा चांगला हाये. हिंगणघाटात त्याचं कृषी केंद्र चालते, तोंडात सुपारीचं खांड नाई. सदाशिवराव ह्यांचे मामेभाऊ होत. मी मधात पडून शब्द टाकला हाये, आणि ह्या घरात मले अजून तोंड दाखवायचं हाये, हे ध्यानात ठेवजो. पोरीनं तोंडानं नाई म्हटलं काय? नाई ना? मंग तिच्या मनातलं हुडकत तू गावभर काऊन फिरून राह्यला? संक्रांतीनंतर लगीन धरायचं तर आता वेळ घालवून चालत नाई.

आणि एक सांगजो. ते चॉकलेट गरम व्हतं का थंड?

खोकला असेल तर बरफाचं खाऊ नको. तुयावर माया हाये म्हणूनच बोलते.

विमलाबाई

•

आंजी (मोठी)
९ डिसेंबर

ती. सौ. बाईस,
कैलासचा शि. सा. न. वि. वि.

चॉकलेट गरम होतं. याही बुधवारी गेलो होतो, रागावू नकोस.

बजाज चौकाकडे मोमोज खाल्ले. पोटात पत्ताकोबी होती, त्यामुळे धर्म वाचला. पण चटणीने डोळ्यांत पाणी आलं. तिथून कॉलेजजवळच्या एका जागी गेलो. तिथे ब्राउनी नावाचा काळा केक तापल्या लोखंडी तव्यावर आणतात, वर आइस्क्रीम आणि वरून ओतलेलं चॉकलेट. एवढा धूर निघाला की मी काही जळलं म्हणून उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खाली चटका, वर गारठा. माझ्या मनाचीही हल्ली तीच गत आहे. रस्त्यात अशाच दोन दुकानांच्या पाट्या पुसलेल्या दिसल्या. बाजूचा पानवाला म्हणाला की कॅफे व्हता भाऊ, वर्षभरबी नाई चालला. तिथेच परत फिरावं असं वाटलं होतं. वाटलं, रजतला होकार कळवावा आणि मोकळं व्हावं.

पण पाय नाक्याकडे वळले आणि रक्षाच्या कॅफेत जाऊन मागे बसलो. तिने मला पाहिलं, पण आली नाही. तिचं काम चाललं होतं. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, एका डोळ्याला पट्टी. सेवाग्रामच्या दवाखान्यातून आली असावी. तिची लेक तिला चमच्याने आइस्क्रीम भरवत होती. कॉलेजची सात-आठ पोरं आली, त्यांना वाढदिवसासाठी तोच कोपरा हवा होता. ती खुर्च्या ओढायला लागली तशी रक्षा काउंटरमागून बाहेर आली. म्हणाली की मावशी उठेपर्यंत इकडे कोणी खुर्ची ओढायची नाही, आणि गोंधळच घालायचा असेल तर रस्ता मोठा आहे. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्या कॅफेत ऐकू गेला. पोरं सॉरी ताई म्हणून दाराशी जाऊन बसली, आणि जाताना तिच्याकडूनच केक घेऊन गेली.

बाई, सदाशिवरावांकडचे तिला पाहायला आले होते ते आठव. काय काय रांधता येतं, असं रजतच्या आईने, अनुसयाबाईंनी, विचारलं. सगळं येते, हे ती इतक्या हळू म्हणाली की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. मला वाटायचं, पोरीचा आवाजच तेवढा आहे. त्या बुधवारपासून माझं कशातच चित्त नाही. परवा हरिपाठ म्हणतानाही मधेच थांबलो.

रक्षाला चार ओळी लिहायच्या आहेत म्हणून जागा सोडतो. कृपा असू दे, आणि थोडा धीर धर.

कैलास

ता. क.
आत्या, सा. न. बाबा आमच्या कॅफेत आले तेव्हा टेबल खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसून बसले, आणि उठल्यावर स्वतःची बशी विसळायला आत आले. बाकीचे हसले, मला नाही हसू आलं. ओमप्रकाश मामा परवा वर्ध्याला येणार आहेत, त्यांच्या हाती संत्र्याचा केक पाठवते. अंडं नाही. अल्लीपूरबद्दल तुम्ही मला काही विचारलं नाही, म्हणून मीही काही लिहीत नाही.
तुमची रक्षा

•

पुलगाव
१५ डिसेंबर

चि. कैलास यास अ. उ. आ.

केक पोचला. मी म्हटलं चाखून तर पाहू, तोवर ह्यांनी अर्धा संपवला. संत्र्याची साल किसून टाकली हाये तिनं, ते समजलं मले.

आता मन घट्ट करून वाच. काल सदाशिवराव आलते. हिंगणघाटचं मंगल कार्यालय पाहून राह्यले. मी म्हटलं का कैलासचा होकार कुठं आला अजून? तर हसले. म्हणे, वहिनी, होकार तर त्यानं त्याच दिवशी देल्ला. म्हणे घर पाहायले आला, अनुसयानं पाण्याचा पेला समोर केला, चहा केला, पोहे केले, त्यानं कशालेच हात लावला नाई. नुसते हात जोडले. लेकीले लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाई, ही आपली रीत. म्हणे माणसानं लगनाआधीच हे लेकीचं घर मानलं, याच्याऊन मोठा होकार कोणता? गावात चार जणांले सांगतांनी त्याईचे डोळे भरले व्हते म्हणे.

मी काय बोलू? मलेबी तसंच वाटलं. आता मागं फिरला तर लोक त्याईलेच हसतीन, आणि ते मले बोलतीन.

तरी एक लिवते. पोरीच्या त्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. मी तिले काईच विचारलं नाई, हे खरं हाये. माह्या लगनात मलेबी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मले ते सुचलंच नाई.

पण तू पाणी काऊन नाई पेला रे?

विमलाबाई

•

आंजी (मोठी)
२० डिसेंबर

ती. सौ. बाईस,
कैलासचा शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी एकादशी होती. मी ती पाण्याशिवाय करतो, हे जयाखेरीज कोणाला माहीत नाही. नेम बोलून दाखवला की तो नेम राहत नाही, असं आबा म्हणत. म्हणून हात जोडले. मला वाटलं, त्यांना वाटेल हा घरून खाऊन आला आहे. रीत माझ्या ध्यानातच आली नाही.

तुझं पत्र आलं आणि माझा जीव घाबरा झाला. भाऊजींच्या तोंडी निरोप धाडावा, असं आधी मनात आलं. मग वाटलं, सदाशिवरावांना फोन करून एकादशीचं सांगावं. पण ते म्हणाले असते, बरं, एकादशी होती, मग आता काय ते सांगा. आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मंगळवारी रक्षा घरी आली तेव्हा तिला समोर बसवलं आणि म्हणालो की मी सांगेन ते नको, तुला काय हवं ते बोल. ती म्हणाली की तिला दुकान घालायचं आहे. चालेल की नाही ते माहीत नाही, लग्नालाही नाही म्हणत नाही, पण दुकान सोडून कुठे जायचं नाही. मान खाली घातली नव्हती. कॅफेतला तो आवाज मी घरात पहिल्यांदा ऐकला. मी म्हणालो, घाल.

बुधवारी पुन्हा भट्टी पेटवली नाही. या वेळी हिंगणघाटची गाडी धरली आणि तिथून अल्लीपूरला गेलो. बसमध्ये नामस्मरण करायला बसलो, तर अनुसयाबाईंचा चेहराच समोर येत होता.

सदाशिवराव फाटकापर्यंत आले. या इवाई, म्हणाले, आणि व्याह्याचा मान देत हात धरून ओसरीवर नेलं. दोन शेजारी बसलेले होते, त्यांना माझी ओळख करून दिली. अनुसयाबाईंनी खुर्ची पुसली, जयाची चौकशी केली, पंखा लावू का विचारलं. पाणी मात्र आणलं नाही. मी पिणार नाही हे त्यांनी धरलंच होतं, आणि मला संकोच नको म्हणून त्या तिकडे फिरकत नव्हत्या. एवढी जाण असलेलं घर आहे, बाई. तू स्थळ वाईट आणलं नव्हतंस. बोलायचं ठरवलेलं सगळं मी विसरलो होतो.

मग मी म्हणालो, वहिनी, प्यायले पाणी द्या.

शेजारी उठून गेले. सदाशिवराव माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना एकादशीचं सांगितलं, रक्षाचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की चूक माझी आहे, यात विमलाबाईचा किंवा भाऊजींचा दोष नाही. ते म्हणाले की माणसानं उपास तरी सांगून करावा. मी खाली बघून ऐकून घेतलं. अनुसयाबाई आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या. पेला माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. मी तो उचलला आणि त्यांच्यासमोर सगळं पाणी प्यायलो. सदाशिवराव आत बघून म्हणाले की आता चहाबी टाका, पाव्हणे हायेत.

तोही मी प्यायलो.

पुढच्या आठवड्यात पुलगावला येईन. रागव, चार लोकांत बोल, पण माया तोडू नकोस.

तुझा भाऊ,
कैलास