शेपटाकडून दुरुस्ती

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र उद्यावर ढकलत होतो, हवं तर कान धर. पण नोकरी टिकली आहे! प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो आणि आमच्या संशोधक बाईंच्या परजीवींना खाऊ घालतो. माशीच्या चाव्यातून झोपेचा आजार देतात ना, ते. (आत्ताच खिडकीत एक माशी बसली. साधीच निघाली.)

यांच्या पेशीतल्या वीजघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, जनुकाची आरएनए-नक्कल उतरते तीच अर्धवट. ‘यू’ हे अक्षर कुठे गाळलेलं, कुठे उगाच जास्तीचं. मग चिमुकले वाटाडे आरएनए येतात. पहिला शेपटापाशी, जुळेल तिथे, बूड टेकतो. त्याच्याशी ताडून यू घातले नाहीतर काढले जातात. दुरुस्त झालेल्या भागावर पुढच्याला बसायला जागा होते. असं करत करत डोक्यापर्यंत.

घरचा छापखाना सोडून मी पळालो तेव्हापासून आप्पा माझ्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. अजून तसंच का गं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भटक्या

१४ फेब्रुवारी

चि. भटक्यास अ. उ. आ.

अरे, तुझं पत्र मुद्दाम मोठ्यानं वाचलं. आप्पा कानावर लाल पेन्सिल खोचून प्रुफांत मान घालून बसले होते. तुझा विषय निघाला की त्यांना ऐकूच येत नाही. पण शेपटाकडून दुरुस्ती म्हटल्यावर चष्मा काढला. म्हणाले, सांग त्या बाईंना, मूळ प्रत समोर असल्याशिवाय साधा काना घालता येत नाही, जन्म गेला माझा यात. हे वाटाडे काय मनचं घालतात? जेवताना पुन्हा तेच. तुझं नाव नाही घेतलं, पण ‘तो मूर्ख’ दोनदा म्हणाले. मी उठून आत गेले, डोळे पुसायला.

लवकर उत्तर दे, आणि भरकटू नकोस. वेळेवर जेवतोस ना?

आहे तो लोभ दुप्पट कर.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

‘मूर्ख’ वाचून किती बरं वाटलं! आप्पांना सांग, मूळ प्रत आहे, फक्त एका जागी नाही. तुकडे करून वाटलेली. प्रत्येक वाटाड्याकडे आपल्यापुरत्या चार ओळी. एकेका जनुकाच्या नकलेत तर निम्म्याहून जास्त अक्षरं मागून घातलेली असतात. आणि हे जुळणं थोडं ढिलं असलं तरी चालतं म्हणे. एवढं मात्र त्यांना सांगू नकोस, जेवण टाकतील.

लोभ आहेच, त्याला खतपाणी घालत राहा.

तुझा भटक्या

ता. क. पाकीट चिकटवणार तोच खालून पहारेकरी आला. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ आलेत, हातात पिशवी, कानावर लाल पेन्सिल. मला भेटायचं नाही म्हणे, बाईंशी भांडायचंय. पण भांडी धुणारा पोरगा कुठल्या मजल्यावर असतो, हे मात्र आधी विचारलं.