कप्तान मेलाच नाही

२ जून
आजपासून लेखन. जहाजाच्या मालिकेच्या शेवटाची पार वाट लावली त्यांनी, कप्तानाला मारलं. आता त्याला जिवंत करणं माझ्याच हाती. ऑनलाइन एक ग्रुप सापडलाय, तिथे लोक या मालिकेतल्या पात्रांवर आपापल्या कथा लिहून टाकतात. वर नियमांची लांबलचक पोस्ट आहे. वाचली नाही. नियम नवशिक्यांसाठी असतात.

३ जून, दुपार
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्म्याच्या काचा पुसता पुसता पहिलं प्रकरण टाकलं. शीर्षक : 'कप्तान शेवटच्या भागात मेलाच नाही'.

३ जून, संध्याकाळ
मॉडरेटरबाईंचा इशारा. (ग्रुपवर नाव 'कडक कॉफी'.) म्हणे, अर्ध्या लोकांनी शेवटचा भाग अजून पाहिलेला नाही आणि तुम्ही शेवट शीर्षकातच फोडलात. अहो, पण मी तर 'मेला नाही' असं लिहिलंय! बाईंचं मराठी कच्चं असावं. तिसऱ्या इशाऱ्याला ग्रुपबाहेर काढतात, हेही कळवलं. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही.
शीर्षक बदललं.

५ जून
एकही कॉमेंट नाही. वाचून लोक सुन्न झाले असणार. दिसेल त्या कथेखाली 'माझीही वाचा' असं नम्रपणे लिहून आलो. एका कथेत जहाजावरची डॉक्टरीण आई गेल्यामुळे रडते, तिथेही लिहिलं. दुसरा इशारा. दुसऱ्याच्या दारात आपलं दुकान मांडू नये, असा नियम आहे म्हणे. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली बरोबरच आहे त्यांचं. हिला साहित्यातलं काय कळतं.

६ जून
नियम वाचायला घेतले. निव्वळ कुतूहल. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, त्यामुळे डोळ्यांना त्रास. एक नियम आवडला : 'कथा टाकण्याआधी बेटाकडून वाचून घ्या.' किती घरगुती विचार! मला बेटा नाही, लेक आहे. तिला प्रकरण पाठवलं. 'बाबा, मीटिंगमध्ये आहे,' एवढंच उत्तर आलं.

८ जून
लेकीची मीटिंग अजून चालू आहे. शेवटी बाईंनाच विचारलं, मला मुलगा नाही, जावई चालेल का? आधी हसणारे चेहरे आले, मग खुलासा. तो शब्द बेटा नाही, बीटा. म्हणजे कथा टाकण्याआधी वाचून चुका सांगणारं ग्रुपमधलं कोणीतरी. मग तसं लिहावं ना सरळ. 'बीटा पाहिजे' असं जाहीर केलं.

९ जून
कोणीही पुढे आलं नाही. माझ्या लेखनात चुका काढायला संकोच वाटत असेल.

१० जून
तोडगा सापडला! नवं खातं उघडलं. नाव 'मोरपीस', वय तेवीस. मोरपिसाने माझं प्रकरण वाचलं, वेलांटीची एक चूक काढली (पक्षपात नको) आणि खाली लिहिलं, 'सर, डोळ्यांत पाणी आलं.' वाचून माझ्याही आलं.

१३ जून
संशय नको म्हणून मोरपीस इतरांच्याही कथा वाचते. एका नवीन मुलीला तिने शेवट नीट बसवून दिला. मुलीने भरभरून आभार मानले. माझे कोणी असे मानत नाही. मोरपिसाचा जरा रागच आला. त्या नादात एका गिऱ्हाइकाचा डावा-उजवा नंबर उलटा बसवला.

१६ जून
घोटाळा. मोरपिसाने लिहायचं ते माझ्याच खात्यातून गेलं. 'सर, तुमच्या लेखणीला साष्टांग नमस्कार.' माझ्या कथेखाली, माझ्या फोटोसकट. अख्खा ग्रुप हसतोय. बायकोला दाखवलं, तीही हसली. स्वतःच्या कथेला स्वतःच नमस्कार घातल्याबद्दल तिसरा इशारा.

१७ जून
काढलं. कथाही काढून टाकली. कप्तान दुसऱ्यांदा मेला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? दुकानात लक्ष लागेना.

२० जून
मोरपीस अजून आत आहे. तिला बाईंचा मेसेज आला. तिला मॉडरेटर करायचं ठरलंय. नियम इतके मनापासून पाळणारं दुसरं कोणी नाही, आणि त्या काकांची कथा शेवटपर्यंत वाचणारीही तू एकटीच, तेव्हाच तुझा संयम कळला, असं बाई म्हणतात. पहिलं कामही दिलंय. काका नाव बदलून परत येतील, तर लक्ष ठेव. ओळखायला सोपं आहे, पहिल्याच परिच्छेदात जांभई येते.
मोरपिसाने 'हो ताई' असं कळवलं.